चिंच, राख, मीठ, चुना : घरातल्या वस्तू कुठवर पुरतात आणि कुठे थांबावं



रेडिओवर ऐकलेली कृती ऐकताना सोपी वाटते, पण दोन दिवसांनी माप आठवत नाही. अर्धा चमचा मीठ की एक चमचा, लिटरभर पाणी की तांब्याभर, असा घोळ होतो. म्हणून हे पत्रक. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवावं. शेवटची चौकट कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावी.

चुलीजवळच्या फळीवर काही वस्तू बारमाही असतात : मीठ, साखर, हळद, चिंच, लिंबू, ओवा, खायचा सोडा, तुरटी, राख, पानाच्या डबीतला चुना. यांनी भांडी निघतात, कपडे निघतात, घसा मोकळा होतो, जुलाबाने गळालेलं पोर सावरतं. पण याच वस्तूंवर भलता भरवसा ठेवल्यामुळे माणसं दगावतातही. विंचू चावला म्हणून कांदा चोळला, साप चावला म्हणून पाला बांधला, फवारणीचं औषध पोटात गेलं म्हणून मिठाचं पाणी पाजलं, आणि तेवढ्यात दवाखान्याची वेळ निघून गेली.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. घरची वस्तू मळ काढते, अंगातून गेलेलं पाणी भरून काढते आणि किरकोळ दुखण्याला आराम देते. विष उतरवण्याची ताकद तिच्यात नाही. बाकी सारं पत्रक म्हणजे या एका गोष्टीचा खुलासा आहे.

१. आंबट वस्तू : तांबं, पितळ आणि क्षारांसाठी

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव पूर्वीपासून आहे. घरोघरी अजून तांब्याची घागर, पितळेची परात, देवाची उपकरणी असतात. हवा आणि ओल लागली की तांब्यावर काळपट थर चढतो आणि पुढे हिरवट कळंक धरतो. हा थर राखेने नुसता घासला तर निघतो, पण हात दुखून येतात. चिंच, लिंबू, कोकम, आंबट ताक यांतलं आम्ल हा थर विरघळवतं, म्हणून त्यांनी भांडं चटकन उजळतं.

कृती : चिंचेचा लिंबाएवढा गोळा पाण्यात भिजवावा. कोळात चिमूटभर मीठ घालावे. भांड्याला चोळून पाच मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. आंबट तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी भांडे पुन्हा काळवंडते.

ज्या गुणामुळे चिंच भांडं उजळवते, त्याच गुणामुळे चिंचेचं सार किंवा ताक बिनकल्हईच्या पितळेत कळकतं. आंबट पदार्थ तांबं स्वतःत ओढून घेतो आणि तो पोटात गेला की मळमळ, ओकारी, पोटदुखी होते. म्हणून आंबट पदार्थ ठेवायच्या भांड्याला कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो झिजून खालचं पिवळं दिसू लागलं की त्या भांड्यात ताक, वरण, लोणचं ठेवू नये. कल्हईवाला हल्ली गावात क्वचित येतो. तोवर ते भांडं कोरड्या धान्याला वापरावं.

विहिरीचं पाणी जड असेल तर तपेल्याला, बादलीला, नळाच्या तोटीला पांढरे क्षार धरतात. त्यांवरही लिंबू चालतं. लिंबाची पिळलेली सालं पाण्यात उकळून ते पाणी तपेल्यात रात्रभर ठेवावं, सकाळी घासावं. शहाबादी किंवा कडाप्पा फरशीवर मात्र आंबट टाकू नका. तो चुनखडीचाच दगड आहे, आम्लाने त्याची झिलई जाते.

२. खार : राख आणि सोडा, तेलकटपणासाठी

लाकडाच्या राखेत खार असतो. खार आणि तेल एकत्र आले की साबणासारखा पदार्थ होतो आणि तेलकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. म्हणूनच आपल्या आज्या तेलाची कढई राखेने घासत. धुण्याच्या सोड्याचं कामही असंच चालतं. तुपा-तेलाच्या बरण्यांना आणि कळकट झालेल्या झाऱ्याला कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावं. हात फार वेळ त्यात ठेवू नयेत, कातडी सोलवटते.

अॅल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावू नका. सोड्याने अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि काळं पडतं. त्यांना लिंबाची साल आणि साधा साबण पुरतो.

खायचा सोडा सौम्य आहे. डब्याचा कुबट वास, फळीवरचे डाग, दुधाच्या बरणीचा वास यांसाठी तो चालतो. दुधाची बरणी मात्र त्यानंतर गरम पाण्याने विसळून उन्हात उपडी घालावी. जंतू मारण्याचं खरं काम तिथे गरम पाणी आणि ऊन करतं.

राखेने हात धुवावेत का, असं पुष्कळजण विचारतात. साबण असेल तर साबणच वापरावा. रानात साबण नसेल तर चुलीतली, लाकडाची, थंड आणि कोरडी राख चालेल. प्लास्टिक किंवा औषधाचे खोके जाळलेली राख हाताला लावू नये. माती तर मुळीच लावू नये, तीत जंतांची अंडी असतात. हात केव्हा धुवायचे हेही पक्कं करा : शौचाहून आल्यावर, पोराचं ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, पोराला भरवण्याआधी आणि गोठ्यातलं काम झाल्यावर.

३. फेस : रिठा आणि शिकेकाई

रिठा आणि शिकेकाईत पाण्याला फेस आणणारा गुण आहे. हा फेस सौम्य असतो, त्यामुळे लोकर, रेशमी लुगडं, चांदीचे दागिने यांना चालतो.

कृती : आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात. टरफले रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावीत, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळावीत. हे पाणी दोन-तीन दिवस टिकते, पुढे आंबते. एका वेळी लागेल तेवढेच करावे.

डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. लहान मुलांना न्हाऊ घालताना जपावं आणि डोळ्यांत गेल्यास साध्या पाण्याने लगेच धुवावं. रिठ्याचं पाणी पिण्याचं नाही. उरलेलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ठेवू नका.

४. काय कशात मिसळू नये

द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण नवं नाही. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना घेतो. मोरचुदाचं पाणी आम्लाचं, चुन्याची निवळी खाराची. दोन्ही मिसळली की एकमेकांचा जोर मारतात. चुना पुरेसा झाला की नाही हे पाहायला आपण मिश्रणात विळ्याचं पातं बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजतो.

हीच गोष्ट घरात लागू आहे. लिंबू आणि सोडा एकत्र केला की खूप फसफसतं, आणि त्या फसफसण्याने भांडं स्वच्छ होतं असं वाटतं. प्रत्यक्षात आंबटाने खाराचा आणि खाराने आंबटाचा जोर गेलेला असतो. तेलकट असेल तर नुसता सोडा घ्या, तांबं किंवा क्षार असतील तर नुसतं लिंबू घ्या.

एक मिश्रण मात्र जीवघेणं आहे. टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकतात ती ब्लिचिंग पावडर, आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. कोंडलेल्या संडासात तो नाका-छातीत गेला की श्वास कोंडतो. आज अॅसिड टाकलं असेल तर भरपूर पाणी ओतावं, आणि पावडर दुसऱ्या दिवशी टाकावी.

५. गढूळ पाणी आणि तुरटी

पावसाळ्यात विहिरीला, ओढ्याला गढूळ पाणी येतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर झऱ्याचं पाणीही तांबडं होतं. तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवला की गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो. शेवग्याच्या पक्व बियांचं पीठही असंच काम करतं. तासा-दोन तासांनी वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात हलकेच ओतून घ्यावं.

निवळ झालेलं पाणी शुद्ध झालं असं समजू नका. तुरटीने गाळ बसतो, जुलाबाचे जंतू पुरते मरत नाहीत. निवळ पाणी फडक्याने गाळून चांगलं खळखळून उकळावं, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबावं. गाळ आधी बसवल्याचा फायदा असा, की गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर गाळातच वाया जातो, निवळ पाण्यात तो जंतूंवर चालतो. माठातून पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवावं. हात बुडाला की सगळी मेहनत फुकट जाते.

६. जुलाब : इथे घरची वस्तू जीव वाचवते

या पत्रकातला हा भाग दोनदा वाचा.

जुलाब-उलटीत पोर दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. गेलेलं पाणी परत भरलं तर बहुतेक पोरं वाचतात. नुसतं पाणी दिलं तर आतडं ते नीट शोषून घेत नाही. साखर आणि मीठ योग्य मापात एकत्र असले की साखरेबरोबर मीठ आणि त्याबरोबर पाणी आतड्यातून रक्तात जातं. जुलाब चालू असतानाही हे काम बंद पडत नाही.

याचा मोठा पडताळा १९७१ साली आला. बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातांनी पाजायला लावलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. आईने, आजीने पेल्याने पाजलेलं मीठ-साखरेचं पाणी हजारोंना वाचवू शकतं, हे त्या छावणीत दिसलं.

पहिली पसंती ओआरएसच्या पाकिटाला. ते आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लहान पाकिटंही येतात, म्हणून वरचं माप वाचून तेवढंच पाणी घ्यावं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नये.

पाकीट नसेल तर घरचे पाणी :
उकळून गार केलेले पाणी १ लिटर
साखर, चहाचे सपाट ६ चमचे
मीठ, चहाचा सपाट अर्धा चमचा
नीट ढवळून चव घ्यावी. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून टाकावे आणि नवे करावे.

चमचा सपाटच हवा. शीग लावू नका. मीठ जास्त झालं तर पोराला अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. झाकून ठेवा आणि चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

किती द्यावे : दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्यांना मागतील तेवढे. लहानग्याला चमच्या-चमच्याने पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे.

अंगावरचं दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला भाताची पेज, वरणाचं पाणी, मीठ घातलेलं ताक, मऊ भात द्या. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवण्याची चाल अंगाशी येते. त्याबरोबर आरोग्य केंद्रातून जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या घ्याव्यात आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. दुकानातली गोड शीतपेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत.

ही लक्षणं दिसली तर पाजत पाजतच दवाखाना गाठा : डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परत जाते, पोर मलूल पडलं किंवा पीत नाही, लघवी होत नाही, शौचात रक्त आहे, सारखी उलटी होते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लक्षणांची वाट न बघता अंगावर पाजत आरोग्य केंद्रात न्या.

चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी आणि पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघणाऱ्यांनी पिशवीत ओआरएसची चार पाकिटं ठेवावीत. त्यांना वजन नाही आणि वाटेत केव्हा लागतील ते सांगता येत नाही.

७. घसा, खोकला, दाढ

घसा धरला तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. सूज आणि दुखणं हलकं होतं.

रात्रीच्या कोरड्या खोकल्याला एक चमचा मध चालतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही देऊ नका, बाळगुटीतूनही देऊ नका. मधात क्वचित असे जंतू असतात, की जे मोठ्यांना बाधत नाहीत पण तान्ह्या बाळाचं अंग लुळं पाडतात.

अडुळसा बांधावर सहज मिळतो. त्याच्या पानातल्या घटकावरूनच पुढे खोकल्याचं ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, म्हणजे जुन्या माणसांचा अनुभव पोकळ नव्हता. मात्र गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. आणि कोणताही खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप राहतो, वजन घटतं, थुंकीत रक्त येतं, तर काढे बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

दुखऱ्या दाढेला लवंग धरली तर तेवढ्यापुरती कळ थांबते. किडलेली दाढ मात्र लवंगेने बरी होत नाही.

८. भाजणं, जखम आणि हळद

भाजलं, पोळलं की लगेच त्या जागेवर साधं गार पाणी ओता, आणि वीस मिनिटं ओतत राहा. बर्फ नको. तूप, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस काही लावू नका. त्याने आग आत कोंडते, घाण जाते, आणि डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेलं फडकं सैल गुंडाळा. तोंड, हात, गुप्तांग भाजलं असेल किंवा लहान मूल असेल तर दवाखान्यात न्यायलाच हवं.

हळदीचं नाव निघालं की आपल्याला अभिमान वाटतो, आणि त्याला कारणही आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडून ते आव्हानले, आणि १९९७ साली ते रद्द झालं. पण हळद गुणाची आहे म्हणून प्रत्येक पुडीतली हळद स्वच्छ असेल असं नाही. पिवळा रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी शिशाचा रंग मिसळल्याचं आढळलं आहे, आणि शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. शक्यतो हळकुंडं आणून घरी दळावी.

खरचटलं असेल तर आधी साबण-पाण्याने धुवावं. हळद असो वा नसो, धुणं महत्त्वाचं. खोल जखम, विळा-फाळाची जखम, शेणामातीत झालेली जखम यांत हळद, चहापूड, तंबाखू भरू नका. स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

तान्ह्या बाळाच्या नाळेला हळद, राख, शेण, तेल काहीही लावू नका. नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी. धनुर्वाताचा शिरकाव तिथूनच होतो.

९. डबीतला चुना आणि पोराचा डोळा

तंबाखूबरोबरची चुन्याची डबी किंवा पुडी मुलांच्या हाती लागते. दाबली की ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र खार आहे. तो डोळ्याचं बुबुळ जाळत जातो आणि मिनिटा-मिनिटाने दृष्टी घटते. अशा वेळी तूप, दूध, मध घालू नका आणि डोळा चोळू नका. जिथे असाल तिथेच स्वच्छ पाणी डोळ्यात सतत ओता, पापणी उघडी धरून, निदान अर्धा तास. पापणीखाली चुन्याचा कण दिसला तर ओल्या फडक्याच्या टोकाने काढा. मग तडक डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. घर रंगवायला कळीचा चुना विरवतानाही पोरं लांब ठेवा. पानाची डबी खुंटीवर, उंच जागी ठेवण्याची सवय लावा.

१०. फवारणीचं विष

आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. द्राक्ष, टोमॅटो, कांद्याच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातही वारंवार फवारणी होते.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. हातमोजे घालून आधी साध्या पाण्यात खळबळावेत, मग साबण आणि गरम पाण्याने दोनदा धुवावेत, उन्हात वाळवावेत. बादली शेवटी साबणाने धुवावी. धुण्याचे पाणी विहिरीपासून आणि गुरांच्या हौदापासून दूर टाकावे. हे काम बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं, म्हणून कपडे कसले आहेत ते तिला आधी सांगावं.

अंगावर विष सांडलं तर कपडे लगेच काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. ताक, तेल, चिंच लावू नका. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी, अंड्याचा बलक, तूप पाजून ओकारी काढू नका. ओकारीत विष फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि जादा मीठ स्वतःच घातक ठरतं. माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या. डॉक्टरला नाव कळलं तर उतारा लवकर ठरतो. लेबलावरचा त्रिकोण ओळखा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

११. विंचू आणि साप

विंचवावर कांदा, चुना, चिंचोका, मंत्र असे पुष्कळ उपाय गावोगाव आहेत. बऱ्याच विंचवांचा दंश आपोआप उतरतो, म्हणून उपायाला यश आलं असं वाटतं. पण लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी यात उपयोगी पडते हे दाखवलं. आधी गंभीर रोग्यांत शंभरी तीसच्या आसपास मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, हातपाय गार, उलटी, छातीत धडधड, धाप लागली तर एक मिनिटही घरी घालवू नका.

सापाला उतारा एकच : दवाखान्यातली सर्पदंशावरची लस. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. चावा घेतलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता ठेवा. अंगठी, वाळे, पैंजण काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, पाला लावू नका. रोग्याला चालवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा दुखतही नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, पोटात कळ आली, तर साप दिसला नसला तरी दवाखान्यात न्या.

१२. नेहमीचे दोन-तीन प्रश्न

प्रश्न : द्राक्षं मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात धुतली तर फवारणीचा अंश जातो का?
उत्तर : वरवरचा काही अंश जातो, म्हणून घरी खाताना दहा-पंधरा मिनिटं सोड्याच्या पाण्यात ठेवून साध्या पाण्याने धुवावीत. फळात शिरलेला अंश कशानेही धुतला जात नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती धुऊन सुटणारी नव्हती. खरा उपाय बागेतच आहे : शिफारस असलेलं औषध, नेमकं माप, आणि फवारणी व काढणी यांमध्ये लेबलावर दिलेले दिवस पाळणं.

प्रश्न : उवांना रॉकेल लावलं तर चालेल का?
उत्तर : नाही. डोकं भाजतं, चुलीजवळ पेट घेतं, आणि नाकातोंडात गेलं तर फुप्फुसाला इजा होते. ओल्या केसांना तेल लावून बारीक दातांच्या फणीने दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे विंचरावं. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी तपासावं.

प्रश्न : तापाला तुळशीचा काढा पुरेल का?
उत्तर : काढा प्यायला हरकत नाही, अंगात पाणी जातं. पण पावसाळ्यातला ताप हिवतापाचा किंवा डेंग्यूचा असू शकतो. आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्यावं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, डेंग्यूत काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

मंडळी, आपल्या आजीचा बटवा टाकून देण्यासारखा नाही. त्यातलं काय कुठे लागतं आणि कुठे थांबायचं हे कळलं, की तो दुप्पट कामाचा होतो.

चौकट : कापून भिंतीला लावा

तांबे-पितळ : चिंच, लिंबू. तेलकट : राख, सोडा. लोकर-रेशीम : रिठा.
टीसीएल पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र नको.
तुरटीने पाणी निवळते, उकळल्याने शुद्ध होते.
जुलाब : १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. दूध-पेज चालू ठेवा.
मध : वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.
भाजले : गार पाणी, २० मिनिटे. दुसरे काही नाही.
डोळ्यात चुना : पाणी, अर्धा तास. मग दवाखाना.
नाळेला काही लावू नये.
साप, विंचू, फवारणीचे विष : घरचा उपाय नाही. १०८.